चार काठ्या, एकोणतीस घरे : कोरियातील युन्नोरी या पटखेळाचा इतिहास आणि त्याचे अर्थ लावणारे

प्रास्ताविक

बैठ्या खेळांच्या इतिहासलेखनात बुद्धिबळाला जे स्थान लाभले, ते घरगुती पटखेळांना क्वचितच लाभले. बुद्धिबळाला ग्रंथ मिळाले, दरबारी आश्रय मिळाला, डाव टिपून ठेवण्याची पद्धत मिळाली. सणासुदीला ओसरीवर मांडला जाणारा पट मात्र डाव संपला की पुसला जातो. त्याचे नियम तोंडी असतात आणि घरोघरी थोडेथोडे बदलतात. असा खेळ शेकडो वर्षे टिकतो. पण तो कसा टिकला हे सांगणारा कागद मागे राहत नाही.

कोरियातील 'युन्नोरी' हे या प्रकाराचे एक ठळक उदाहरण होय. 'नोरी' म्हणजे खेळ आणि 'युत' म्हणजे त्यात टाकल्या जाणाऱ्या चार काठ्या. चांद्र नववर्षाच्या दिवशी, म्हणजे 'सोल्लाल'ला, तीन पिढ्या एका चटईभोवती बसून हा खेळ खेळतात. आजी आणि नातू एकाच बाजूचे भिडू असू शकतात, आणि नातवाने टाकलेल्या दानावर आजीची सोंगटी घरी पोहोचू शकते.

खेळणाऱ्यांनी या खेळाविषयी फारसे लिहून ठेवले नाही. न खेळता त्याचा अर्थ लावणाऱ्यांनी मात्र भरपूर लिहिले. सोळाव्या शतकातील विद्वानाला त्यात आकाश दिसले, विसाव्या शतकातील राष्ट्रवादी इतिहासकाराला प्राचीन राज्याची सैन्यरचना दिसली, अमेरिकन संग्रहालयतज्ज्ञाला जगातील सर्व पटखेळांचे मूळ दिसले. प्रस्तुत लेखात या अर्थांचा मागोवा घेऊन, त्यांपैकी कशाला पुराव्याचा आधार आहे आणि कशाला नाही, हे तपासले आहे.

खेळाचे स्वरूप

अर्थ लावणाऱ्यांकडे वळण्यापूर्वी खेळ कसा चालतो हे सांगणे आवश्यक आहे. कारण पुढील बहुतेक वाद खेळाच्या रचनेतूनच उद्भवतात.

एक गोल लाकूड उभे चिरले की दोन काठ्या होतात. अशी दोन लाकडे चिरून चार काठ्या मिळतात. प्रत्येक काठीची एक बाजू सपाट व दुसरी गोलाकार असते. चारही काठ्या एकदम हवेत उडवतात आणि त्यांपैकी किती सपाट बाजू वर ठेवून, म्हणजे उताण्या, पडल्या ते मोजतात. एक उताणी पडल्यास 'दो' हे दान होते आणि सोंगटी एक घर चालते. दोन उताण्या पडल्यास 'गे', तीन पडल्यास 'गॉल' आणि चारही उताण्या पडल्यास 'युत'. त्यांना अनुक्रमे दोन, तीन व चार घरे मिळतात. चारही पालथ्या पडल्या तर 'मो' हे सर्वांत मोठे, पाच घरांचे दान होते. युत आणि मो पडल्यास पुन्हा टाकायला मिळते.

पटावर २९ घरे असतात. त्यांपैकी २० घरे बाहेरच्या कडेने मांडलेली असून उरलेली नऊ आतल्या दोन छेदणाऱ्या रेषांवर असतात. प्रत्येक पक्षाकडे चार सोंगट्या असतात. त्यांना 'माल' म्हणजे घोडा असे म्हणतात. सर्व घोडे पटाला फेरी घालून निघालेल्या जागी परत आणून बाहेर काढले की डाव जिंकला. प्रतिपक्षाची सोंगटी असलेल्या घरात आपली सोंगटी गेली की ती मरते, तिला पुन्हा पहिल्यापासून निघावे लागते आणि मारणाऱ्याला आणखी एक दान मिळते. आपल्याच दोन सोंगट्या एका घरात आल्या तर त्या पुढे एकत्र चालवता येतात. सारीपाटातील जुग ज्यांनी पाहिले आहे त्यांना यातला मोह आणि धोका दोन्ही सहज उमगतील : जुग वेगाने घरी येते, पण मेले तर दोन्ही सोंगट्या एकदम मरतात.

खेळाची खरी गंमत मात्र वाटांमध्ये आहे. सोंगटी नेमकी कोपऱ्याच्या घरात थांबली तरच तिला आतली जवळची वाट घेता येते. एक घर पुढे गेली की लांबचा फेरा पडतो. पहिल्या कोपऱ्यातून आत वळून नेमक्या मधल्या घरी थांबता आले आणि तिथून थेट घराकडे वळता आले, तर एकूण ११ घरांत फेरी पूर्ण होते. एकाही कोपऱ्यावर थांबता आले नाही तर २० घरे चालावी लागतात. मधल्या दोन वाटा प्रत्येकी १६ घरांच्या आहेत. हे आकडे पुढे उपयोगी पडणार आहेत.

चार काठ्यांच्या पडण्याचे १६ प्रकार संभवतात. दोन्ही बाजू पडण्याची शक्यता सारखी धरली तर गे हे दान सोळांपैकी सहा वेळा, दो व गॉल प्रत्येकी चार वेळा, युत एकदा आणि मो एकदा असे प्रमाण येते. म्हणजे हिशेबाने युत आणि मो सारखेच दुर्मिळ ठरतात; मग एकाला चार घरे आणि दुसऱ्याला पाच का? चिरलेली काठी हे नाणे नव्हे. तिची जाडी किती, गोलाई किती ठेवली यावर ती कुठल्या अंगावर स्थिरावेल हे अवलंबून असते आणि दोन बाजूंची शक्यता क्वचितच सारखी राहते. काठ्या तासणारा हात हाही या खेळातला एक न दिसणारा भिडू असतो.

काठ्यांचे प्रकारही प्रदेशागणिक बदलतात. सर्वत्र परिचित असलेल्या वीतभर लांबीच्या काठ्यांना जळाऊ लाकडाच्या ढलप्यांवरून 'जांगजाक युत' म्हणतात. दक्षिणेकडील ग्योंगसांग भागात बोटाच्या पेराएवढ्या 'बाम युत'चा, म्हणजे चेस्टनट-युतचा प्रघात होता. ते तुकडे वाटीत हलवून टाकले जात. उत्तरेकडील प्रांतांत अर्ध्या केलेल्या कडधान्याच्या दाण्यांवरही काम भागे. काही ठिकाणी पट न आखताच खेळण्याची रीत आहे : घरांची नावे पाठ असलेले खेळाडू सोंगट्यांच्या जागा केवळ तोंडाने सांगतात आणि ध्यानात ठेवतात. ज्या खेळाचा पटच स्मरणात असतो, त्याचे अवशेष उत्खननात शोधायला निघालेल्या अभ्यासकाची अडचण यावरून लक्षात यावी.

प्राचीनत्वाचा पुरावा

युन्नोरी 'प्राचीन' आहे असे सर्वच कोरियन ग्रंथ सांगतात. प्रश्न, किती प्राचीन, असा आहे.

चीनच्या 'झोऊ शू' या इ. स. ६३६ मध्ये सिद्ध झालेल्या इतिहासग्रंथात कोरियन द्वीपकल्पातील बेक्जे राज्यात 'छूपू' हा खेळ खेळला जात असल्याची नोंद आहे. या चिनी नावाचा कोरियन उच्चार 'जोपो' असा होतो, आणि पुढील काळात कोरियन पंडितांनी युतसाठी हाच शब्द वापरला. त्यामुळे बेक्जेतील जोपो म्हणजेच आजचा युत, असे समीकरण मांडले गेले. ते तितकेसे भक्कम नाही. चिनी छूपूमध्ये पाच लाकडी तुकडे टाकले जात, युतमध्ये चार. शिवाय परदेशी इतिहासकाराला शेजारच्या राज्यातील अपरिचित खेळ दिसला तर तो त्याला आपल्याकडील जवळच्या खेळाचे नाव देतो, हा सर्वत्र येणारा अनुभव आहे. नोंदीवरून बेक्जेत काठ्या वा तुकडे टाकून खेळण्याचा खेळ होता एवढेच निश्चित होते.

याहून विचार करायला लावणारा पुरावा जपानमधून येतो. आठव्या शतकातील 'मान्योशू' या काव्यसंग्रहाच्या मूळ चित्रलिपीत काही ठिकाणी अक्षरांचे कोडे घातलेले आहे. 'सर्व पालथ्या' अशा अर्थाची अक्षरे लिहून ती 'मा' अशी वाचायची, 'एक पालथी, तीन वर' असे लिहून ते 'कोरो' असे वाचायचे, अशी ती योजना आहे. चार काठ्यांच्या खेळातील दानांची नावे वाचकाला ठाऊक असल्याशिवाय हे कोडे सुटत नाही. सर्व पालथ्यांचे कोरियन नाव मो आणि तीन उताण्यांचे गॉल, हे साम्य विद्वानांच्या नजरेतून सुटले नाही. नारा येथील प्राचीन राजधानी हेइजोच्या उत्खननात मिळालेल्या मातीच्या भांड्यांवरील ठिपक्यांची वर्तुळे याच जातीच्या खेळाचे पट असावेत, असे मत २०१० नंतरच्या दशकात जपानी पुरातत्त्वज्ञांनी मांडले. येथे ग्रंथ आणि वस्तू हे दोन स्वतंत्र पुरावे एकमेकांना दुजोरा देतात. म्हणून आठव्या शतकापर्यंत चार काठ्यांचा खेळ समुद्र ओलांडून जपानात रुजला होता, हे अनुमान छूपूच्या समीकरणापेक्षा अधिक विश्वसनीय वाटते.

कोरियात ठिकठिकाणी खडकांवर युतच्या पटासारखी ठिपक्यांची वर्तुळे कोरलेली सापडतात. उत्तर जोल्ला प्रांतातील इमसिल येथे एकाच खडकाळ जागी अशी अनेक चिन्हे आहेत. काही अभ्यासक त्यांना प्रागैतिहासिक ठरवतात आणि त्यात आकाशातील ताऱ्यांचा नकाशा पाहतात. परंतु खडकावरील खळग्याचे वय खडकावरून ठरत नाही. खळगा हजारो वर्षांपूर्वीचा असू शकतो, तसाच तो मागच्या शतकात गुरे चारणाऱ्या मुलांनी वेळ घालवण्यासाठी पाडलेलाही असू शकतो. या चिन्हांवर खेळाच्या उगमाचा सिद्धान्त उभारणे घाईचे ठरेल.

निःशंक म्हणावा असा वाङ्मयीन पुरावा चौदाव्या शतकातील आहे. गोर्यो राजवटीच्या अखेरच्या काळातील कवी व विद्वान यी सेक (१३२८–१३९६) यांच्या काव्यात नववर्षाच्या प्रथेचा भाग म्हणून या खेळाचे वर्णन येते. ते त्याला जोपोच म्हणतात. पण पटावर सोंगट्या चालवणे, डावाचे पारडे अनपेक्षितपणे फिरणे, लहानथोर मंडळींची हसून होणारी पुरेवाट, हे सारे आजच्या युन्नोरीशी जुळते. अठराव्या शतकातील विचारवंत यी इक (१६८१–१७६३) यांनी 'सोंगहो सासॉल' या ग्रंथात युत हा गोर्यो काळातून उरलेला प्रघात असल्याचे म्हटले. उपलब्ध पुराव्याशी इमान राखणारे असे ते सावध मत होते. त्यांच्यानंतरच्या अनेकांना एवढ्यावर समाधान मानणे जड गेले.

पटावरचे आकाश

युन्नोरीचा पहिला मोठा भाष्यकार म्हणजे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातील, गेसॉंग येथील विद्वान किम मुन-प्यो. त्याच्या 'सादोसॉल', म्हणजे युतच्या पटाच्या विवरणाप्रमाणे पटाची बाहेरची गोलाई हे आकाश आणि आतली चौकट ही पृथ्वी होय. मधले घर म्हणजे ध्रुव आणि भोवतालची २८ घरे म्हणजे २८ नक्षत्रे. (चिनी खगोलशास्त्रातील ही २८ नक्षत्रे आणि अभिजितसह मोजली जाणारी भारतीय २८ नक्षत्रे यांची संख्या सारखी असली तरी दोन्हींतले तारे सर्वत्र एक नाहीत. मराठी वाचकाने हे साम्य फार ताणू नये.)

किम मुन-प्यो येथेच थांबत नाही. सोंगटीच्या चार वाटांना तो सूर्याच्या चार अवस्थांशी जोडतो : सर्वांत आखूड वाट ही दक्षिणायनाच्या टोकाचा लहान दिवस, सर्वांत लांब वाट उत्तरायणाच्या टोकाचा मोठा दिवस आणि मधल्या दोन वाटा म्हणजे वसंत व शरद संपात. घरे मोजून पाहिली तर ही कल्पना सहज झटकून टाकता येत नाही. आखूड वाट ११ घरांची, लांब वाट २० घरांची आणि उरलेल्या दोन्ही वाटा बरोबर १६–१६ घरांच्या आहेत. संपातांच्या दिवशी दिवस व रात्र समान असतात आणि दोन्ही संपातांचे दिवसमानही सारखेच असते. पटावरील दोन वाटाही तशाच सारख्या आहेत.

मात्र या जुळणीवरून पट आखणाऱ्याच्या मनात सूर्यच होता असे सिद्ध होत नाही. चार समान भागांत विभागलेल्या वर्तुळाला दोन व्यास जोडले की एक आखूड, एक लांब आणि दोन समान अशा वाटा भूमितीनेच मिळतात. किम मुन-प्यो हा नवकन्फ्यूशियन परंपरेत वाढलेला होता. त्या परंपरेत खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय होता, आणि खेळात विश्वाची रचना दाखवता आली तरच त्याकडे गंभीरपणे पाहणे शोभणारे होते. त्याने पटावर आकाश पाहिले यात त्याच्या निरीक्षणाइतकाच त्याच्या संकोचाचाही वाटा आहे. तरीही त्याचे श्रेय उणावत नाही; घराघरांतील पोरखेळाचा पट त्याने पहिल्यांदा बारकाईने वाचला.

अठराव्या शतकाच्या अखेरीस यु दुक-गोंग (१७४८–१८०७) यांनी 'ग्योंगदो जाप्जी' या राजधानीच्या रीतिरिवाजांवरील ग्रंथात खेळाचे वर्णन केले ते पूर्णतः वेगळ्या वृत्तीने. काठ्या कोणत्या झुडपाच्या करतात, त्या सुमारे तीन 'छी' (म्हणजे नऊ सेंटिमीटर) लांब असतात, काही वेळा अर्ध्या दाण्याएवढ्या बारीकही करतात, असे तपशील ते देतात. नववर्षाला युत टाकून वर्षाचे भाकीत पाहण्याची रीतही त्यांनी नोंदवली. काठ्या तीनदा टाकायच्या. युत आणि मो एकच मानून प्रत्येक वेळी चार शक्यता, म्हणजे एकूण ६४ जोडण्या होतात. चिनी 'यी जिंग' ग्रंथातील ६४ आकृत्यांशी ही संख्या जुळते आणि प्रत्येक जोडणीला एक भाकीत नेमून दिलेले असे. होंग सॉक-मो यांच्या १८४९च्या 'दोंगगुक सेसिगी'तही ही वार्षिक प्रथा आढळते. पंडितांच्या विश्वरचनेपेक्षा घरातील माणसाला येणाऱ्या वर्षात पीक कसे येईल, घरात काय घडेल, याची चिंता अधिक होती. पहिल्या महिन्याच्या पौर्णिमेनंतर युत खेळल्यास भाताचे पीक मरते, असाही लोकसमज होता. त्यामागे काय असावे हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही : पंधरवडा संपला, आता कामाला लागा.

बुयोचे पशू

दानांची नावे पशूंची आहेत असे परंपरा सांगते : दो म्हणजे डुक्कर, गे म्हणजे कुत्रा, गॉल म्हणजे मेंढा, युत म्हणजे बैल आणि मो म्हणजे घोडा. डुक्कर सर्वांत मंद, घोडा सर्वांत वेगवान, म्हणून त्यांची घरेही त्या क्रमाने वाढतात. कुत्र्याचे कोरियन नाव आजही गे असेच आहे. डुकराचे जुने नाव 'दोत' होते, त्यामुळे दोही पटण्याजोगे आहे. बैल आणि घोडा यांची नावे थोड्या भाषिक कसरतीने जुळतात. गॉल मात्र मेंढ्याच्या कोणत्याही परिचित कोरियन नावाशी जुळत नाही, आणि त्यासाठी निरनिराळ्या अभ्यासकांनी निरनिराळे पशू सुचवले आहेत.

या पशूंमधून एक राजकीय सिद्धान्त जन्माला आला. तिसऱ्या शतकातील चिनी इतिहासकार छेन शोऊ याने मांचुरियातील बुयो राज्याचे वर्णन करताना तेथील अधिकाऱ्यांच्या पदव्या पशूंवरून असल्याचे नमूद केले आहे : घोडा-गा, बैल-गा, डुक्कर-गा, कुत्रा-गा. हे सरदार राजधानीतून निघणाऱ्या चार दिशांच्या मार्गांवर सत्ता चालवीत. १९३१ मध्ये 'चोसॉन इल्बो' या वृत्तपत्रात प्रसिद्ध झालेल्या 'जोसॉन सांगोसा' या लेखमालेत शिन छे-हो (१८८०–१९३६) यांनी युतच्या पाच दानांत प्राचीन राज्यातील पाच 'गा' आणि पटात त्यांच्या सैन्याची मांडणी पाहिली.

हा विचार कोणत्या परिस्थितीत मांडला गेला ते लक्षात घ्यायला हवे. १९१० पासून कोरिया जपानच्या ताब्यात होता. शिन छे-हो त्या वेळी मांचुरियातील ल्यूशुन येथे जपानी तुरुंगात होते आणि १९३६ मध्ये तिथेच त्यांचा मृत्यू झाला. राज्य गेले, सैन्य गेले, शाळेतील इतिहास परक्यांच्या हाती गेला. अशा वेळी घराघरांतील चटईवर प्राचीन सैन्याची रचना अद्याप जिवंत आहे असे सांगणे, हे केवळ इतिहासाचे विधान नव्हते. त्याचे मोल त्या अर्थाने ओळखले पाहिजे. पण पुरावा म्हणून ते टिकत नाही. छेन शोऊच्या यादीत मेंढा नाही. पटावर पाचवा पशू लागतो, आणि ती जागा अनुमानानेच भरावी लागते. शिवाय बुयोचे अधिकारी आणि युतची सर्वांत जुनी निश्चित नोंद यांत हजार वर्षांचे अंतर आहे. पाळीव पशूंची नावे शेतकरी समाजात पदव्यांना आणि दानांना स्वतंत्रपणेही मिळू शकतात; त्यासाठी एकाने दुसऱ्याकडून उसनवारी करण्याची गरज नसते.

फिलाडेल्फियातील कपाट आणि पचिसीचा प्रश्न

युन्नोरीला जगाच्या नकाशावर आणले ते कोरियाबाहेरच्या एका माणसाने. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संग्रहालयातील स्ट्यूअर्ट कलिन यांनी १८९५ मध्ये कोरियन खेळांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. कोरियात न जाता त्यांनी तो लिहिला. १८९३च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात आलेल्या वस्तू, अमेरिकेतील कोरियन वकिलातीतील एका अधिकाऱ्याने पुरवलेली माहिती, आणि बुसान बंदरात परदेशी गिऱ्हाइकांसाठी चित्रे काढणारा गिसान (किम जुन-गुन) या चित्रकाराची चित्रे, ही त्यांची साधने होती. साधने तुटपुंजी असली तरी ग्रंथातील वर्णने काळजीपूर्वक केलेली आहेत. एकोणिसाव्या शतकाअखेरचा युतचा पट, काठ्या आणि नियम यांची सुसंगत नोंद आज मिळते ती बरीचशी त्यांच्यामुळेच.

कलिन यांना मात्र नोंदीवर थांबायचे नव्हते. सर्व खेळ चार दिशांच्या पूजाविधीतून आणि बाण टाकून कौल घेण्याच्या प्रथेतून उगम पावले, असा त्यांचा सिद्धान्त होता. चार काठ्या आणि चौफुलीचा पट असलेला युत त्यांना या मूळ रूपाच्या सर्वांत जवळचा वाटला. जगभरातील अनेक पटखेळांचा आदिनमुना त्यांनी कोरियात ठरवला आणि त्या वंशावळीत भारतातील पचिसी व चौसर यांनाही बसवले. म्हणजे महाराष्ट्रातील ज्या सारीपाटाचे वंशज आपण महाभारताशी जोडतो, तो या वंशावळीत युतचा नातू ठरतो.

पचिसी या वादात आधीच ओढली गेली होती. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड टायलर यांनी १८७९ मध्ये प्राचीन मेक्सिकोतील 'पातोल्ली' आणि भारतीय पचिसी यांच्यातील साम्य दाखवून, कोलंबसापूर्वी आशियातून अमेरिकेत सांस्कृतिक संक्रमण झाले असल्याचे प्रतिपादन केले होते. १८९६ मध्ये त्यांनी तोच विषय विस्ताराने पुन्हा मांडला. इतके तपशील योगायोगाने जुळणार नाहीत, हा त्यांचा मुख्य युक्तिवाद होता. १९५० मध्ये चार्ल्स इरॅस्मस यांनी नेमके याच युक्तिवादाला आव्हान दिले. खेळाच्या रचनेत मुळातच पर्याय मोजके असतील, तर साम्य योगायोगाने होण्याची शक्यता वरवर वाटते तितकी कमी नसते, हे त्यांनी दाखवले.

इरॅस्मस यांच्या मुद्द्याची सत्यता मराठी वाचकाला घरातच पडताळता येते. चल्लस आठ किंवा अष्टाचंगा या नावाने खेळल्या जाणाऱ्या खेळात चार कवड्या अथवा फोडलेले चिंचोके टाकतात. एक, दोन, तीन उताणे पडले तर तेवढीच घरे. चारही उताणे पडले तर चार, आणि चारही पालथे पडले तर आठ. शेवटच्या दोन दानांना पुन्हा टाकायला मिळते. युतशी असलेले साम्य चकित करणारे आहे : चार नग, पाच दाने, सर्व पालथ्यांना सर्वांत मोठे मोल, दोन टोकांच्या दानांना जादा फेक. परंतु चार दुतोंडी वस्तू टाकल्या की उताण्यांच्या संख्येवरून पाचच निकाल निघू शकतात. 'शून्य' पडले म्हणून खेळाडूला रिकाम्या हाताने बसवायचे नसेल तर त्याला काहीतरी मोल द्यावेच लागते, आणि दुर्मिळ दानाला बक्षीस देणे कोणत्याही खेळणाऱ्याला सुचते. एवढ्या साम्यासाठी कोरियातून कोकणापर्यंत वाट शोधण्याची आवश्यकता उरत नाही. दोन्ही खेळ फिरकीच्या पटाचे आहेत, याहून अधिक नाते आजच्या पुराव्यावर सांगता येणार नाही.

पंचांग, सत्ता आणि सण

वसाहतकाळात जपानी गव्हर्नर-जनरलच्या कार्यालयानेही कोरियन खेळांची दखल घेतली. मुरायामा जिजुन यांनी १९३६ मध्ये केलेल्या पाहणीवर आधारलेला लोकरंजनाचा अहवाल १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रांतवार, गाववार, कोण कोणता खेळ केव्हा खेळते याची ती यादी आहे. ज्यांच्यावर राज्य करायचे त्यांची करमणूकही मोजून ठेवावी, हा तिचा हेतू; तरी युत जवळजवळ सर्वत्र खेळला जात असे, ही माहिती आज आपल्याला त्याच कागदातून मिळते. वसाहती दप्तराशी भारतीय इतिहासाच्या अभ्यासकाचे नाते याहून वेगळे नाही.

खेळावर खरा ताण आला तो पंचांगाच्या बाजूने. युत हा चांद्र नववर्ष ते पहिली पौर्णिमा या पंधरवड्याचा खेळ होता. जपानी सत्तेने सौर नववर्ष अधिकृत केले आणि चांद्र सण मागासलेपणाचे लक्षण ठरवला. आश्चर्य असे की, स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण कोरियाच्या प्रजासत्ताकानेही दीर्घकाळ तेच धोरण चालवले. वर्षातून दोनदा नववर्ष साजरे करणे म्हणजे उधळपट्टी, असे सरकारी मत होते. लोक मात्र चांद्र नववर्षालाच गावी जात राहिले. अखेर १९८५ मध्ये त्या दिवशी 'लोकदिन' या आडनावाने एक दिवसाची सुटी देण्यात आली आणि १९८९ मध्ये सोल्लाल हे नाव व तीन दिवसांची सुटी परत मिळाली. सुमारे आठ दशके सरकारी दिनदर्शिकेत ज्या सणाला त्याच्या नावाने स्थान नव्हते, त्या सणाचा खेळ या काळात घराच्या आत टिकला. मध्य आशियात हद्दपार झालेल्या कोरियन कुटुंबांतही तो टिकला. तिथे त्याला ना राज्याचा आधार होता, ना ग्रंथाचा.

११ नोव्हेंबर २०२२ रोजी दक्षिण कोरियाने युन्नोरीला राष्ट्रीय अमूर्त सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला. एरवी असा दर्जा देताना त्या कलेचा अधिकृत 'धारक' किंवा धारक-संस्था नेमली जाते. येथे कोणालाही नेमले गेले नाही. आरिरांग या लोकगीताच्या बाबतीत २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रथेप्रमाणे, सर्वच समाज त्याचा धारक मानला गेला. हा निर्णय खेळाच्या स्वरूपाशी प्रामाणिक आहे. पण दर्जा देताना सांगितलेल्या कारणांत यिन-यांग आणि २८ नक्षत्रांचे प्रतीकत्वही आहे. म्हणजे सोळाव्या शतकातील किम मुन-प्योचे आकाश पाचशे वर्षांच्या आतच अनुमानातून सरकारी वस्तुस्थितीत येऊन बसले. वारसा ठरवणाऱ्या संस्थांना भव्य उगम हवा असतो; तीन पिढ्यांना एका चटईवर बसवणारा खेळ, एवढे कारण त्यांना पुरेसे वाटत नाही.

खेळणारे दरम्यान पुढे गेले आहेत. यु दुक-गोंग यांच्या वर्णनात नसलेले आणि कलिन यांच्या १८९५च्या ग्रंथातही नसलेले एक दान आज जवळजवळ प्रत्येक घरात चालते. चारांपैकी एका काठीच्या सपाट बाजूवर खूण केलेली असते. केवळ तीच काठी उताणी पडली तर ते दान 'बॅक-दो' होते आणि सोंगटी एक घर मागे जाते. त्याच्या नावातील पहिला अर्धा भाग इंग्रजी आहे, दुसरा अर्धा डुकराचा. नुकतीच निघालेली, पहिल्याच घरात उभी असलेली सोंगटी बॅक-दोने मागे आली तर ती थेट फेरीच्या शेवटच्या घरी पोहोचते, आणि पुढच्या कोणत्याही दानाने बाहेर पडू शकते. एवढ्या स्वस्तात पूर्ण फेरी मिळावी की नाही, यावर दर सोल्लालला वाद होतो आणि त्याचा निकाल प्रत्येक घरी वेगळा लागतो.